कारखान्याचे बस्ते आणि माझ्या सात ओळी

माझ्या सासूबाई चेरीतालच्या अख्ख्या गल्लीला सांगायच्या, "आमची सून तोफा बनवते." मी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात नोकरीला होते हे खरं, पण सबंध नोकरीत तोफेला एकदाही हात लावला नाही. मी कार्डं लिहिली. कारखान्याच्या रेकॉर्ड रूममध्ये काय काय आहे, ते कुणी केलेलं, कधीचं, किती आणि कुठल्या अवस्थेत, हे ठरलेल्या पद्धतीनं कार्डावर लिहिणं एवढंच माझं काम. सासूबाईंना हे सांगितलं की त्या हिरमुसायच्या. "सरकार कार्डं लिहायचे पैसे काहून देऊन राहिलं?" असं म्हणून पुन्हा गल्लीत तोफाच सांगायच्या. शेवटी मीही नाद सोडला.

पण आता सांगते. कार्डं लिहायचे पैसे सरकार उगीच देत नव्हतं.

मी कामावर लागले तेव्हा चीनची लढाई होऊन गेली होती आणि कारखाना पावसाळ्यातल्या गवतासारखा वाढत होता. रेकॉर्ड रूम म्हणजे पत्र्याचं छत असलेली एक लांबलचक खोली. इंग्रज साहेबांच्या अमदानीपासूनची ड्रॉइंगं, फायली, काचेवरचे फोटो, सगळं लाल कापडाच्या बस्त्यांत बांधून फडताळांत कोंबलेलं. प्रत्येक बस्त्यावर ज्यानं तो बांधला त्यानं मनाला येईल ती चिठ्ठी लावलेली. 'जरूरी'. 'बहुत जरूरी'. 'फुटकर'. एकावर 'पांडेजी वाला'. हे पांडेजी कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. 'बहुत जरूरी' मोठ्या आशेनं उघडला, तर आत कॅन्टीनमधल्या कपबशा कुणी फोडल्या याचा पत्रव्यवहार. आणि एका 'फुटकर'मध्ये दुसऱ्या महायुद्धातल्या तोफगाड्यांची ड्रॉइंगं निघाली.

हा गोंधळ निस्तरायला कलकत्त्याहून मजुमदारबाबू आले. उंच, सडपातळ, हिवाळ्यात माकडटोपी घालणारे आणि हिंदी शब्दांचं लिंग रोज बदलणारे. त्यांनी सात ओळींचं कार्ड आणलं. संग्रह लहान असो की मोठा, कागदाचा असो की काचेचा, प्रत्येकाला त्याच सात ओळी, त्याच क्रमानं. पहिली ओळ, हे कुणी तयार केलं. मग त्याचं नाव, काळ, आकारमान, कशावर काढलंय आणि कितपत धड आहे, आत काय आहे, आणि सातवी ओळ, याच्याशी जोडलेलं दुसरं काही कुठे ठेवलंय. कार्डं अर्थातच इंग्रजीत असत, मी इथे मराठीत सांगते आहे.

बाहेरच्या माणसाला वाटतं यात काय मोठंसं. आम्हालाही वाटलं होतं. पण पहिल्या आठवड्यात माझी सगळी कार्डं बाबूंनी लाल पेन्सिलीनं रंगवली. 'जुनी ड्रॉइंगं' लिहिलं होतं, तर म्हणाले, जुनं म्हणजे काय, तुमच्या मानानं की माझ्या? साल लिहा. 'महत्त्वाचा पत्रव्यवहार' लिहिलं, तर 'महत्त्वाचा' खोडला. एका ड्रॉइंगवर साल नव्हतं, मी अंदाजानं टाकलं, त्यावर तर ते खरंच रागावले. ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' असं लिहायचं. सरकारी कागदावर 'ठाऊक नाही' लिहायची आम्हा कारकुनांना इतकी लाज वाटायची की पहिल्यांदा मी ते अगदी बारीक अक्षरात लिहिलं.

बाबूंचं एकच सूत्र होतं. "जो देखा वो लिखो. जो सोचा, वो टिफिन में डाल के घर ले जाओ."

दुसरी कटकट इंजिनियर लोकांची. त्यांचं म्हणणं, चाकांची सगळी ड्रॉइंगं एका ठिकाणी ठेवा, आसांची एका ठिकाणी. आमचं म्हणणं, ज्या खात्यानं जे केलं ते त्या खात्याच्या नावाखालीच राहील, त्यांनी लावलेल्या क्रमानं. संसारातही तसंच असतं. सगळ्या नातेवाइकांच्या साड्या रंगाप्रमाणे एका कपाटात लावल्या तर दिसायला छान दिसेल, पण कुठली कुणाची ते पुन्हा कळायचं नाही. हे मी एकदा एका इंजिनियरला ऐकवलं. त्यावर तो बिचारा साड्यांबद्दल आपल्याला माहिती नाही म्हणाला.

गिऱ्हाइकंही एकेक भेटत. एका अधिकाऱ्याला त्यांनी स्वतः लिहिलेल्या अहवालाच्या कार्डावर 'अत्यंत मौलिक' हवं होतं. मी नियम सांगितला. ते मजुमदारबाबूंकडे गेले. बाबूंनी चहा पाजला, अहवालाची मनापासून तारीफ केली आणि कार्ड आहे तसंच ठेवलं.

ओमती मोहल्ल्यातून एक म्हातारे गृहस्थ परवानगी काढून आले होते. वडील इंग्रजांच्या काळात इथे लोहार होते, त्यांचा घरात एकही फोटो नाही, म्हणाले. कामगारांचा एक समूहफोटो आमच्याकडे होता, पण कार्डावर स्पष्ट लिहिलेलं, 'नावे दिलेली नाहीत'. काच उजेडात धरली. ते कितीतरी वेळ बघत राहिले, मग मागच्या रांगेतल्या एका मिशाळ माणसावर बोट ठेवलं. खात्री आहे का म्हणून विचारलं, तर म्हणाले, माझा मोठा मुलगा थेट असाच उभा राहतो. मी कार्डावर भर घातली, 'मागील रांगेतील एक जण, मुलाने ओळखल्याप्रमाणे', आणि वडिलांचं नाव. कुणी सांगितलं तेही लिहायचं, म्हणजे उद्या वाचणाऱ्याला कितपत विश्वास ठेवायचा ते ठरवता येतं. त्या दिवशी मला माझ्या कामाचा पहिल्यांदा अभिमान वाटला, आणि तो नंतर उतरला नाही.

आता शोभारामचं सांगते, कारण खरं तर त्याच्यासाठीच लिहायला बसले आहे.

शोभाराम आमचा दफ्तरी. बस्ते काढायचे, उलगडायचे, झटकायचे, पुन्हा बांधायचे, हे त्याचं काम. घमापुरात राहायचा. कितीही चुरगळलेला कागद असो, त्याच्या हाताखालून सरळ होऊनच निघायचा. बोलणं कमी, आणि बोलला तरी बस्त्याकडे बघून.

त्या काळी कारखान्यात एक पद्धत होती. मूळ ड्रॉइंग खळ दिलेल्या पातळ, गुळगुळीत कापडावर शाईनं काढत, आणि त्यावरून निळ्या कागदावर पांढऱ्या रेघांच्या प्रती काढत. मूळ ड्रॉइंग रद्द झालं की कापडावर शिक्का मारत आणि अशी कापडं दिवाळीच्या सुमाराला कर्मचाऱ्यांत वाटून टाकत. घरी नेऊन गरम पाण्यात भिजवली की खळ आणि शाई निघून जाई आणि हाती येई ते मऊसूत, लोण्यासारखं कापड. त्याचे हातरुमाल होत, बाळांची झबली होत. आमच्या कॉलनीतली निम्मी पोरं तोफगाड्यांच्या ड्रॉइंगात वाढली आहेत. सगळं उघड होतं, साहेबांच्या घरीही तेच रुमाल.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली आणि सगळंच बदललं. शहरात ब्लॅकआउट, कारखान्यात पाळ्यांवर पाळ्या. त्या गर्दीत दुरुस्ती खात्याचे फोरमन तिवारीजी धावत आले. जुन्या बनावटीचे तोफगाडे दुरुस्तीला आलेत, आसाचं ड्रॉइंग ताबडतोब हवंय. मी कार्ड काढलं, शोभारामनं फडताळ उघडलं. जागा रिकामी होती.

लढाईच्या दिवसांत तोफगाड्याचं ड्रॉइंग नाहीसं होणं म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. सुरक्षा अधिकारी सूदसाहेब आले. फौजेतून आलेला माणूस, आवाज न चढवता बोलणारा. नेमकं त्याच सुमारास घमापुरातून कुणीतरी खबर दिली होती की शोभारामच्या दोरीवर तोफेचं ड्रॉइंग वाळत घातलंय. त्याच्या लेकीला बाळ झालं होतं. झबल्यासाठी दिवाळीतलं कापड तिनं धुतलं, पण नीट धुतलं गेलं नाही आणि चाकाची पुसट रेघ राहिली. एरवी त्याकडे कुणी वळूनही बघितलं नसतं.

सूदसाहेबांनी ते कापड आणवलं, शोभारामला कामावरून उठवलं आणि सुरक्षा खात्याच्या खोलीत बसवलं. दुसऱ्या दिवशी त्याला ओमतीच्या ठाण्यात सोपवायचं ठरलं. दुपारपर्यंत कारखानाभर एकच शब्द फिरत होता, गद्दार. ज्या लोकांच्या पोरांच्या अंगावर तीच झबली होती तेही तो शब्द बोलत होते. मी संतापानं हरवलेल्या ड्रॉइंगचं कार्ड पुन्हा काढून वाचायला घेतलं.

त्या कार्डाच्या पाचव्या ओळीत लिहिलं होतं, 'निळ्या कागदावरील प्रत, जाड, डाव्या कडेला तेलाचा डाग. मूळ कापड येथे नाही.' अक्षर माझं, खाली सही माझी. म्हणजे हरवलेलं ड्रॉइंग कापडावर नव्हतंच. ते कापड आमच्याकडे कधी आलंच नव्हतं. मग शोभारामच्या दोरीवर ते वाळेल कसं?

मी आणि मजुमदारबाबू ते कार्ड घेऊन सूदसाहेबांकडे गेलो. त्यांनी शांतपणे वाचलं आणि विचारलं, तुम्ही कार्डावर बरोबरच लिहिलंय याला पुरावा काय? प्रश्न वाजवी होता. मी म्हटलं, साहेब, कुठलीही कार्डं उचला आणि फडताळाशी ताडून बघा. एक जरी चुकीचं निघालं तर माझंही नाव शोभारामच्या शेजारी लिहा.

हे बोलले खरी, पण पुरती खात्री नव्हती, कबूल करते. माणूस आहे, कुठेतरी हात चुकला असेल. सूदसाहेब स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आले, खण ओढला आणि पत्ते पिसावेत तशी मधूनमधून कार्डं काढली. बाबू बस्ते सोडत होते, साहेब ताडून बघत होते. उंदरानं कुरतडलेला कोपरा, तो कार्डावर होता. सुटलेलं पान, तेही होतं. एका कार्डाशी ते थांबले. काळाच्या रकान्यात 'ठाऊक नाही' लिहिलं होतं.

"बीस साल की नौकरी में," ते म्हणाले, "सरकारी काग़ज़ पे ये पहली बार पढ़ा."

मग त्यांनी कार्डं परत खणात ठेवली. हे कापड ते ड्रॉइंग नव्हे, हे मानतो, म्हणाले. पण ड्रॉइंग तर गेलंच आहे, आणि त्या फडताळाला हात लावणारा शोभारामच. ते मिळेपर्यंत त्याला सोडता येणार नाही.

संध्याकाळी घरी आले ती डोकं धरूनच. सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. खिडक्यांच्या काचांना लावायला सबंध चेरीतालात काळा-निळा कागद उरला नव्हता, दुकानदारांनी हात वर केले होते. "तुझ्या कारखान्यात निळ्या कागदाची काय कमी आहे?" त्या माझ्यावरच चिडल्या. "तिथले लोक लावूनच राहिले असतील. तूच काहून आणत नाहीस?"

मी पोळी तव्यावर टाकली आणि तशीच उभी राहिले. ती पोळी करपली.

सकाळी बाबूंना गाठलं, बाबूंनी सूदसाहेबांना. आम्ही खात्याखात्यांच्या खिडक्या बघत निघालो. कुठे वर्तमानपत्रं, कुठे काजळी फासलेली. तिवारीजींच्या केबिनमध्ये शिरलो तर पूर्वेच्या खिडकीला निळे कागद होते, काचांच्या मापानं कापून खळीनं चिकटवलेले. बाहेर ऊन आलं होतं. त्या निळ्या कागदांतून पांढऱ्या रेघा लखलखत होत्या आणि चार काचांवर मिळून आमचा आस उजळला होता. एक तुकडा उलटा लागला होता. डाव्या काचेच्या कडेला तेलाचा डाग होता.

तिवारीजी त्याच खिडकीला पाठ करून ड्रॉइंगची वाट बघत बसले होते.

झालं ते इतकंच. लढाई सुरू झाल्यापासून रेकॉर्ड रूमची एक किल्ली रात्रपाळीकडेही असे. काही नेलं तर चिठ्ठी ठेवायची असा नियम, आणि चिठ्ठी नव्हती म्हणून तिकडे कुणाची शंकाच गेली नाही. तिवारीजींच्याच खात्याच्या रात्रपाळीनं ड्रॉइंग नेलं, घाईत चिठ्ठी राहिली, काम झाल्यावर ते केबिनच्या कपाटात पडलं. ब्लॅकआउटचा हुकूम आला तेव्हा दिवसपाळीनं कपाटातला निळा कागद काढून खिडकीला लावला. यात देशद्रोह कुणाचाच नव्हता. तिवारीजींना दरदरून घाम फुटला, आणि मला हसूही येत होतं आणि रडूही.

आता ते काढायचं कसं? ओढलं तर फाटणार. सूदसाहेबांनी जीप पाठवून शोभारामला सुरक्षा खात्याच्या खोलीतून आणवलं. रात्र बाकावर बसून काढलेला, दाढी वाढलेली, डोळे लाल. साहेबच त्याला म्हणाले, "शोभाराम, ये तुम्हीं निकालो. और किसी के हाथ से फटेगा."

शोभारामनं ओला फडका मागितला. काचेशी उभा राहून एकेक तुकडा भिजवला, पाठीला तळहात देऊन सोडवला, टेबलावर मांडला. अख्खं खातं काम थांबवून बघत होतं. चारही तुकडे धड निघाले. उलटा लागलेला त्यानं सुलटा करून जोडला, आणि त्याच दिवशी आसाचं काम सुरू झालं. मी कार्डाच्या पाचव्या ओळीत दुरुस्ती केली, 'चार तुकडे, जोडलेले.' असा अभिमान मला घरच्या लग्नकार्यांतही वाटला नाही.

पण एकदा उधळलेला शब्द सगळाच परत गोळा होत नाही. घमापुरात पुष्कळ दिवस लोक शोभारामच्या घरी पाणीही घेत नव्हते. लेकीच्या सासरचे बारशाला आले नाहीत. कापडं वाटायची पद्धत बंद झाली, रद्द कापडं जाळायचा हुकूम निघाला. शोभाराम कामावर येत राहिला, पूर्वीसारखाच, फक्त आणखी कमी बोलायचा. मला त्याच्यासाठी काही करता आलं नाही, ही खंत आहे.

त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, बाबू कलकत्त्याला परतले होते आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसत होते, तेव्हा सुरक्षा खात्यानं आपल्या बंद झालेल्या फायली आमच्याकडे पाठवल्या. बस्ता शोभारामनंच सोडला. त्यातली एक फाईल त्यानं माझ्यासमोर ठेवली आणि बाजूला उभा राहिला. वेष्टनावर टाइप केलेलं होतं, 'गद्दारीचा संशय: शोभाराम, दफ्तरी.'

आमच्या पद्धतीत दुसरी ओळ म्हणजे नाव, आणि कागदावर मूळचं नाव असेल तर ते अक्षरशः उतरवायचं. आपल्या मनानं गोड करायचं नाही. मी ती फाईल टेबलाच्या खणात ठेवली आणि दुसरी कार्डं लिहीत बसले. रोज खण उघडायचा, रोज मिटायचा. हे कार्ड माझ्यानंतर, शोभारामनंतर, वर्षानुवर्षं तिथे राहणार होतं. कुणीही उघडलं की आधी हा शब्द आणि मग त्याचं नाव.

शेवटी एका दुपारी त्याला बोलावलं. म्हटलं, शोभाराम, मी याचं नाव 'एक अंतर्गत चौकशी' एवढंच लिहिते. कुणाला कळायचं नाही.

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं.

"नहीं बहनजी," तो म्हणाला. "साहब ने कार्ड पे भरोसा किया, तभी तो हम छूटे. अब हमारे लिए उसमें झूठ मत लिखो. जो लिखा है वही लिखो. बस पूरा लिखो."

मी फाईल पहिल्यांदाच शेवटच्या पानापर्यंत वाचली. शेवटचं पान सूदसाहेबांच्या हातचं होतं. मग कार्ड घेतलं. दुसऱ्या ओळीत वेष्टनावरचं नाव जसंच्या तसं उतरवलं, एकही अक्षर न गाळता. सहाव्या ओळीत लिहिलं, 'युद्धकाळात न सापडलेल्या ड्रॉइंगबाबत चौकशी. ड्रॉइंग कारखान्यातच, दुरुस्ती खात्याच्या खिडकीवर सापडले. शोभाराम, दफ्तरी, पूर्णपणे निर्दोष. ड्रॉइंग खिडकीवरून न फाडता त्यांनीच सोडवले, असे सुरक्षा अधिकाऱ्यांच्या सहीने शेवटच्या पानावर नमूद.' खाली माझी सही.

त्यानं वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं. आणखी एकदा म्हणाला, आणखी एकदा वाचलं. मग त्यानं फाईल लाल कापडात ठेवली, गाठ मारली, वरचा नंबर बघितला आणि बस्ता स्वतः नेऊन फडताळात त्याच्या जागेवर ठेवला.